ईसरी काय म्हणत होती

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. तो गेला, तरी नव्हतं. बहिणींना नाही, मुलांना तर नाहीच. आज तुमच्यापुढे बोलायला बसले आहे ती का, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं मात्र बरं आहे. ओळखीच्या माणसाकडे बघत हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

लोक मला सरळ बाई म्हणतात. ‘वत्सलाबाई खोटं बोलायच्या नाहीत’ – हे मी स्वतःबद्दल किती वेळा ऐकलं आहे! ऐकते, आणि गप्प बसते. गप्प बसणं मला छान जमतं. ते मी कुठे शिकले, तेच सांगायचं आहे.

फाळणीनंतर तीन-चार वर्षांची गोष्ट. आम्ही अंबरनाथला राहायचो. वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. मी मॅट्रिक झाले होते, लग्न ठरत नव्हतं, आणि घरात बसून कंटाळले होते. वालधुनी नदीच्या पलीकडे लष्कराच्या जुन्या बराकी होत्या, त्यांत सिंधमधून आलेली माणसं येऊन राहिली होती. एकेका बराकीत किती बिऱ्हाडं! मध्ये गोणपाटाचा पडदा, नाहीतर पत्रा, की झाली खोली. त्या कॅम्पात बायकांना शिवण शिकवायला मी काही महिने जात होते. तिथे मला थोडं सिंधी आलं. थोडं म्हणजे – सुई, दोरा, पाणी, बस, उठ, कशी आहेस. भाजीपाल्याची नावं. एवढंच.

मग पाच नंबरच्या कॅम्पात एक धर्मादाय दवाखाना निघाला. डॉक्टर साताऱ्याकडचे, वयस्क, भला माणूस. त्यांना हिंदी यायचं, पण खेड्यातून आलेल्या सिंधी बायकांना हिंदीही येत नव्हतं. त्यांना मधे बोलणारी बाई हवी होती. त्यांनी विचारलं, “सिंधी येतं का?”

मी म्हणाले, “येतं.”

इतकं साधं होतं ते. थोडंफार येतं, असं म्हणता आलं असतं. तसं म्हटलं नाही. आमच्या घरातली नोकरी करणारी मी पहिली बाई. आई शेजारणींना सांगायची, आमची वत्सू दवाखान्यात असते, डॉक्टरांचं तिच्यावाचून पान हलत नाही. आणि ते खरंच होतं. सकाळी रांग लागायची ती दारापासून पार रस्त्यापर्यंत. डॉक्टर एकटे. बाई समोर बसली की ती काय म्हणते ते मी सांगायची, आणि त्यावर ठरायचं – तिला पडद्यामागे नेऊन नळी लावून तपासायचं, की बाटलीत लाल औषध देऊन पुढे पाठवायचं. तपासून घ्यायला त्या बायकाही लाजायच्या. म्हणजे बघा, ठरवायचं काम कागदावर डॉक्टरांचं होतं, पण खरं म्हणजे माझ्या जिभेवर होतं.

ईसरी पहिल्यांदा आली ती तिच्या मोठ्या जावेबरोबर. बावीस-तेवीस वर्षांची असेल. गोरी, पण गोरेपणात एक निळसर झाक, ओठांवर जास्त. चार वर्षांची मुलगी तिच्या ओढणीचं टोक धरून उभी होती. नवरा टहलराम कटपिसांचं गाठोडं सायकलला बांधून अंबरनाथ, बदलापूर, आसपासच्या पाड्यांवर विकत फिरायचा. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, म्हणून दवाखान्यात तो कधी आला नाही. ईसरी बसली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “अदी, साह मुंझे थो.”

अदी म्हणजे ताई. ते मला येत होतं. आणि ‘मुंझ’ हा शब्दही मी बायकांच्या तोंडी रोज ऐकत होते – गावाची आठवण आली, आईची आठवण आली, की त्या म्हणायच्या, मुंझ होते. उदास वाटतं, करमत नाही. त्या कॅम्पात करमत होतं तरी कुणाला? घरं, शेतं, माणसं मागे टाकून आलेल्या त्या. मी डॉक्टरांना सांगितलं, “हिला करमत नाही म्हणते. मन उदास असतं.”

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली. अशा बायका रोज दहा यायच्या. ते म्हणाले, “नुसतं बसवून ठेवू नका म्हणावं. कामाला लावा. हिंडू-फिरू द्या. मन रमेल.”

हे मात्र मी जावेला अगदी बरोबर सांगितलं. एक शब्दही चुकले नाही. जाऊ मान डोलवत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून नळावरच्या बादल्या ईसरीकडे आल्या. नळ बराकींच्या टोकाला होता. मधे चढ.

इथपर्यंतची चूक अडाणीपणाची होती. त्याबद्दल मी आज तुमच्यापुढे बसले नसते. अडाणीपणाला माणूस क्षमा करतं, स्वतःलाही करतं.

ती पुन्हा आली. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा मी तेच सांगितलं, पुन्हा लाल औषध.

मग पंधराएक दिवसांनी मला बराकींमधून लहान मुलांची नावं लिहून आणायला पाठवलं – देवी टोचायच्या होत्या. एका बराकीत दोघीजणी भुशाची शेगडी पेटवत होत्या. भुसा ओला असावा. असा धूर झाला, की पलीकडची माणसं दिसेनात. त्या धुरातून एक म्हातारी खोकत, डोळे पुसत, गळा हातात धरून बाहेर पळत आली आणि ओरडली, “अड़े, साह मुंझी वियो!” – आणि बाहेरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. म्हातारीही हसली. मीसुद्धा हसले.

हसता हसता थांबले.

कारण म्हातारी उदास नव्हती. तिला कुणाची आठवण येत नव्हती. तिला श्वास घेता येत नव्हता! साह म्हणजे श्वास. मी तो शब्द आधी ऐकलाच नव्हता असं नाही, पण ‘मुंझ’ कानावर पडली की पुढचं-मागचं ऐकायची तसदी मी घेत नव्हते. आणि तुम्हाला सांगते, आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे. गुदमरणे. धुरात माणूस गुदमरतं. पाण्यात गुदमरतं. आणि सासरी, परक्या गावी, कुणी बोलायला नसलं, की तेव्हाही आपण तेच म्हणतो – माझा जीव गुदमरतो. सिंधीतही तसंच असणार, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. मी पहिल्या दिवशी नुसतं ‘हिचा जीव गुदमरतो’ एवढं म्हटलं असतं, तर डॉक्टरांनी आपणहून विचारलं असतं – म्हणजे कसा? चालताना? जिना चढताना? आडवं पडल्यावर? शब्द माझ्याच भाषेत, माझ्याच तोंडात होता. मी त्यातला अर्धा अर्थ ठेवला आणि अर्धा फेकून दिला.

घरी जाताना मी ठरवलं, ती आली की डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं. ठरवलं होतं, हे मुद्दाम सांगते. म्हणजे मला कळत नव्हतं असं तुम्ही समजू नका.

ती गुरुवारी आली. या वेळी एकटीच. बाकावर टेकली आणि बोलायच्या आधी कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. डॉक्टर आत होते. मी तिच्याजवळ गेले, हाताने छाती दाखवली, मग डोकं दाखवलं, विचारलं – साह, की मन? तिने माझा हात धरला आणि आपल्या बरगडीवर ठेवला. आत काहीतरी धावत होतं, ठेचकाळत होतं. मग तिने खुणेने सांगितलं – रात्री आडवं होता येत नाही. अंथरुणाची वळकटी पाठीशी घेऊन बसून राहते. सुथणीचा, म्हणजे सलवारीचा, काठ जरा वर करून पाय दाखवला. पाय सुजला होता. तिने बोटाने दाबला आणि बोट काढलं, तरी खड्डा तसाच राहिला.

याहून काय सांगायचं असतं माणसाने?

मी तिला आत नेलं. डॉक्टरांच्या टेबलासमोर खुर्चीवर एक मुलगी बसलेली होती. सिंधीच. कराचीला शिकलेली, मॅट्रिक, इंग्रजी येणारी, आणि इथे येऊन दोन-तीन वर्षांत मराठी बोलायला लागलेली. हातात अर्ज होता. डॉक्टर तिला हसत हसत सांगत होते, “अहो, जागा असती तर घेतलं असतं. पण आमच्या वत्सलाबाई आहेत ना. त्यांना सिंधी तोंडपाठ.” ती मुलगी माझ्याकडे बघून आदराने हसली.

मग डॉक्टरांनी ईसरीकडे पाहिलं. “काय, तीच का? अजून करमत नाही?”

मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं – डॉक्टर, मी चुकले. मला सिंधी येत नाही. ही पहिल्यापासून सांगते आहे की हिला दम लागतो, आणि मी तुम्हाला भलतंच सांगत आले. त्या मुलीसमोर. अर्ज हातात घेतलेल्या त्या मुलीसमोर!

मी म्हणाले, “हो. तेच.”

दोन शब्द. ईसरी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, मी सगळं सांगितलं – धडधड, वळकटी, पायावरचा खड्डा. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि डॉक्टरांना हात जोडले. ती कराचीची मुलगी तेवढ्यात उठून निघून गेली होती. म्हणजे त्यानंतर तरी खोलीत कुणी नव्हतं. मी तेव्हा बोलू शकले असते. दुपारी दवाखाना बंद करताना बोलू शकले असते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. रोज सकाळी वालधुनी ओलांडताना मनात म्हणायची, आज सांगते. आणि रोज वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस का नाही? जसजसे दिवस जात होते तसतसं ते अवघड होत होतं. आणि ते अवघड मीच करत होते, दुसरं कुणी नाही.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई धावत आली, डॉक्टरांना घेऊन गेली. ईसरी नळावरून भरलेली बादली घेऊन चढ चढत होती. मधेच बसली. बसली ती तशीच कलंडली.

डॉक्टर अर्ध्या तासात परत आले. हात धुवायला लागले. बराच वेळ धूत होते. पाठमोरेच म्हणाले, “हृदय होतं. झडप खराब झाली असावी, लहानपणापासूनची. पाय एवढे सुजलेले… मी एकदाही नळी लावली नाही तिला.” मग वळले. “बाई, दम लागतो म्हणून कधी बोलली नव्हती का ती?”

मी म्हणाले, “नाही.”

त्या दिवसापासून डॉक्टर प्रत्येक बाईला नळी लावायला लागले. अंगठा मोडला म्हणून आलेलीलासुद्धा. रांग हलेना, लोक कुरकुर करायचे, आणि ते दुपारी तीन-तीन वाजेपर्यंत जेवायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, “कान असून बहिरा होतो मी.” मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. ते बहिरे नव्हते हो! त्यांना ऐकू जाऊ दिलं नव्हतं मी.

हे एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण टहलराम आला.

बाराव्या-तेराव्या दिवशी असेल. उंच, सडसडीत माणूस, दाढी वाढलेली. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. डॉक्टरांकडे गेला नाही, सरळ माझ्याकडे आला. हिंदीत बोलत होता. म्हणाला, “अदी, मुझे बोलती थी साह मुंझे थो. मुझे लगा, सीने की बीमारी है. मेरी भाभी ने बोला, नहीं, डॉक्टर ने देखा है, मन का दुख है. तू बता. तू उसकी बात समझती थी. सच में मन का था?”

बघा, त्याला बरोबर कळलं होतं. तिच्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून बरोबर कळलं होतं, आणि दवाखान्याने, म्हणजे मी, त्याला पटवलं होतं की तुझी समजूत चुकीची.

तो उत्तराची वाट बघत उभा होता. मी म्हणाले, “हां. मन का था.”

तो खाली बसला, जमिनीवरच. मग जे सांगितलं ते मला ऐकावं लागलं. ईसरीची आई आणि बहीण अजमेरला जाऊन राहिल्या होत्या. तिला तिकडे जायचं होतं. दोन वर्षं मागे लागली होती. हा म्हणायचा, इथे माझा जम बसतो आहे, थोडं थांब. “मैंने नहीं जाने दिया,” तो म्हणाला. “डॉक्टर बोला, दिल बंद पड़ गया. अदी, दिल दुख से भी बंद पड़ता है?”

मी मान हलवली. होय अशी.

त्याच्या डोळ्यांदेखत मी त्याच्या बायकोचा आजार उचलून त्याच्या माथ्यावर ठेवला. का? तेव्हा तर तिथे अर्ज घेतलेली मुलगीही नव्हती. डॉक्टर आत होते, त्यांना ऐकू गेलं असतं, म्हणून? आधी दोनदा खोटं बोलले होते, त्याला धरून राहायचं, म्हणून? मी पुष्कळ विचार केला आहे. भित्रेपणा, याच्यापलीकडे मला काही सापडलेलं नाही.

वर्षभराने माझं लग्न झालं, बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. माझ्या जागी ती कराचीची मुलगी लागली. मला वाटलं, सुटले. पण टहलराम सायकल घेऊन बदलापूरला यायचाच. माझं घर त्याने शोधून काढलं. दिवाळीच्या आधी यायचा आणि गाठोड्यातलं चांगल्यातलं एक पोलक्याचं कापड काढून माझ्या हातावर ठेवायचा. नको म्हटलं की दुखावायचा. माझ्या सासूबाईंना सांगायचा, मराठीत, मोडक्यातोडक्या – “माझी बायको हिच्याशी मन मोकळा करत होती. तिचा दुख फक्त हिला माहीत होता.” सासूबाई कौतुकाने माझ्याकडे बघायच्या. मी त्याला पाणी द्यायची, चहा द्यायची. कापडं मी शिवून घेतली. अंगावर घातली. ठेवून दिली असती तर सासूबाईंनी विचारलं असतं.

त्याने दुसरं लग्न केलं नाही. कॅम्पात कापडाचं लहानसं दुकान घातलं, ते चाललंही. मुलगी मोठी होत होती. तिला त्याने हेच सांगितलं होतं – तुझी आई माहेरच्या आठवणीने गेली, मी तिला जाऊ दिलं नाही म्हणून गेली. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगायचा. जुन्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी बाजाराला गेले असताना एकदा त्या दुकानाबाहेर उभी राहून हे सगळं ऐकलं आहे, आणि आत न जाता परत आले आहे.

आणि मग – सातआठ वर्षं झाली असतील ईसरीला जाऊन – तो मुलीला घेऊन निरोप घ्यायला आला. दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. अजमेरला चालला होता, कायमचा. तिथे त्याचं कुणी नव्हतं. ईसरीची आई वारली होती, बहीण ओळख दाखवेल की नाही याचीही खात्री नव्हती. मी म्हटलं, “अहो, इथे एवढा जम बसलाय, मुलीची शाळा आहे, कशाला जाता?”

तो म्हणाला, “तिला नाही नेलं. तिच्या मुलीला तरी नेतो.”

मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. ओसरीच्या खांबाला टेकून उभी. गोरी, आणि – मी आधी तिचे ओठ बघितले – ओठ लाल, चांगले. ती मला म्हणाली, स्वच्छ मराठीत, “मावशी, आई तुम्हाला काय काय सांगायची?”

टहलराम तिथेच बसला होता. दोघं माझ्याकडे बघत होती. चूल शांत होती, सासूबाई मागच्या दारी होत्या, नवरा शेतावर. मला थांबवणारं त्या घरात कुणीही नव्हतं. नोकरी नव्हती, डॉक्टर नव्हते. तीन वाक्यं पुरली असती. तो कदाचित माझ्या तोंडावर थुंकला असता. पण त्याने आपलं चाललेलं दुकान परत घेतलं असतं. आणि इतकी वर्षं जे ओझं घेऊन तो फिरत होता ते माझ्या ओसरीवर टाकून, हलका होऊन गेला असता.

मी मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं. त्यांच्या गावच्या नदीबद्दल सांगितलं, आजीबद्दल, अंगणातल्या झाडाबद्दल. ईसरीने मला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या बायकांकडून ऐकलेलं होतं ते. मुलगी मन लावून ऐकत होती. टहलराम रडत होता.

जाताना त्याने एका कागदावर ईसरीच्या अजमेरच्या बहिणीचा पत्ता लिहून दिला. म्हणाला, “अदी, चिठ्ठी लिहा.” तो कागद मी लुगड्यांच्या घडीत ठेवला. पोस्टकार्डं घरात असायची, नवरा आणून ठेवायचा. मला लिहिता येत होतं.

मी त्यांना एकही पत्र लिहिलं नाही.